कॉलेजात ड्रॉइंगच्या असाइनमेंट खरंच एवढ्या जड असतात का?

तुम्ही विचारलंय, की शाळेत चित्रकलेत कायम पहिला नंबर होता, आता बी.व्ही.ए.ला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, प्रवेश घेतलाय, आणि पहिल्याच महिन्यात आठवड्याला पन्नास स्केचेस मागतायत. नेलेली निम्मी परत येतात, तर हे सगळीकडं असंच असतं का, की आपल्यालाच जमत नाही? बाकीच्यांचं माहीत नाही, माझं तरी असंच झालं. मी खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, शिकायला बेळगावात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या गोष्टीत लबाडी माझीच आहे.

मीही पहिल्या नंबरवालाच. ड्रॉइंगच्या लोअर, हायर ह्या दोन्ही परीक्षा पास, गणपती मंडळाचे बोर्ड रंगवायचे ते मीच. कॅलेंडरवरच्या देवावर पेन्सिलीनं चौकोन पाडायचे आणि तेच चौकोन मोठे करून भिंतीवर न्यायचे, ही माझी कला. त्यामुळं पहिल्या दिवशी सरांनी टेबलावर एक मोडकी लाकडी खुर्ची उलटी ठेवली आणि "खुर्ची काढायची नाही, मधल्या फटी काढायच्या" म्हणाले, तेव्हा मला तो पोरखेळ वाटला. खरं दोन तास घालवून माझ्या फटी जुळल्याच नाहीत. मी फटी काढतच नव्हतो. डोक्यात असलेली खुर्ची काढत होतो, आणि ती सरळ उभी होती.

सर धारवाडकडचे. मराठी समजायचं, बोलायचे मोडकंतोडकं. चिडले की कन्नडवर यायचे. "मोदलु नोडु", म्हणजे आधी बघ. हे दिवसातून दहा वेळा. दुसरा शब्द "इन्नोंदु", अजून एक. चित्र बरं आलं तरी इन्नोंदु, वाईट आलं तरी इन्नोंदु. वर्गातल्या आम्हा मराठी पोरांना कन्नड आलं ते ह्या दोन शब्दांपासून.

आता तुमच्या पन्नास स्केचेसबद्दल. आम्हाला ती बेळगावच्या बसस्टँडवर करायची होती, आठवड्याला पन्नास, माणसं. पहिल्या शनिवारी मी गेलो, बारा झाली आणि वैतागलो. माणूस अर्धा कागदावर येतो तोवर त्याची गाडी लागते. शेजारी एकजण विचारतो, कुठल्या पेपरचा तू? एका म्हाताऱ्यानं स्वतःचं चित्र बघितलं, कौतुक केलं आणि कागद घडी घालून खिशात टाकला. तो तेरावा होता, हिशोबातून गेला. मग रविवारी रात्री घरी ट्यूबलाइटखाली बसून उरलेली अडतीस मनानंच उरकली. टोपीवाला, पदरवाली, पोतं घेतलेला, डुलक्या काढणारा. हात चांगला चालत होता, जेवणाच्या आधी संपली.

सोमवारी सरांनी सगळी पन्नास फरशीवर ओळीनं मांडली. काही बोलले नाहीत, एकदा ह्या टोकाकडून त्या टोकाकडं चालत गेले. मग विचारलं, "हे सगळे गोव्याच्या गाडीची वाट बघतायत काय?" मला काही कळेना. वर्गातल्या एका पोरीला आधी कळलं आणि ती हसली. माझ्या माणसांची तोंडं सगळी डावीकडं होती. अडतीसच्या अडतीस.

उजव्या हातानं काढणाऱ्याला डावीकडं बघणारा चेहरा सोपा जातो. कपाळ, नाक, हनुवटी ही रेघ मनगटाच्या वळणानं आपोआप येते, शिवाय हाताखाली झाकली जात नाही. तुम्ही आत्ता वहीच्या कोपऱ्यात न ठरवता एक चेहरा काढून बघा. म्हणजे अडतीस माणसं मी काढलीच नव्हती, माझ्या मनगटानं काढली होती.

त्यांनी खरे बारा कागद मात्र बरोब्बर वेगळे काढले. एकात बाईची नुसती पाठ आणि अंबाडा. एका माणसाचा पाय खांबामागं गेलेला. एकाच्या एकाच पायात चप्पल, दुसरी बाकाखाली कुठंतरी. असलं काही मनानं काढताना सुचत नाही, मन कुणाचा पाय खांबामागं घालत नाही. बारा धरले, अडतीस पुढच्या आठवड्याच्या पन्नासात मिळवले. अठ्ठ्याऐंशी.

ती कशी केली तेवढं सांगतो, तुमच्या उपयोगाचं आहे. चेहऱ्यापासून सुरू करायचं सोडलं. आधी पाठीच्या कण्याची एक रेघ, मग वजन कुठल्या पायावर आहे ते, मग हात. एका माणसाला दोन मिनिटं, तो उठला की कागद तिथंच सोडायचा. खोडरबर घरी ठेवला. गर्दीत नवीन माणूस शोधण्यापेक्षा गाडी नुकतीच चुकलेला हेरायचा, तो अर्धा तास हलत नाही.

सगळ्यात जास्त रखडलो कुंडीवर. साधी मातीची कुंडी, आमच्या खानापूरच्या कुंभारांची, घरोघरी असते तसली. क्वार्टर इम्पीरियल, म्हणजे मोठ्या ड्रॉइंग शीटच्या पाव कागदावर, पेन्सिल, एक आठवडा. मी तोंडाचा गोल बदामासारखा काढला, दोन्ही बाजूला टोकं, आणि बूड पट्टी लावल्यासारखं सरळ. जमिनीवर ठेवल्यावर बूड सपाट बसतं हे ठाऊक होतं ना! घराशेजारच्या कुंभारमामांनी ते बघितलं. ते चित्रकलेबद्दल काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "कुंडीला कोपरं कुठं असत्यात रे? चाकावर फिरल्यालं हाय हे." मग मी कुंडी पुढ्यात घेऊन बसलो. हात ताठ, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप. तोंडाची रुंदी किती, उंची किती, बुडाचं तेच. वरून बघत असाल तर बुडाचा गोल तोंडापेक्षा जास्त उघडा दिसतो, कारण तो डोळ्याच्या पातळीपासून अजून खाली असतो. तोंड डोळ्याच्या पातळीवर आणलं की त्याची नुसती रेघ होते. हे पुस्तकात असतंच, मी वाचलंही होतं. आठव्या कागदाला कुंडी जमिनीवर बसली. सरांनी पंचवीसपैकी चौदा दिले आणि इन्नोंदु म्हणाले.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. खानापूरकडचा पाऊस, त्यात चारकोलचं सबमिशन. दमट हवेत कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद, मऊ पडतो आणि दोनदा घासला की तंतू वर येतात. चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचं फिक्सेटिव्ह परवडत नव्हतं, म्हणून आम्ही केसांचा स्प्रे मारायचो. कागद गुंडाळायला खताची रिकामी पिशवी, तिच्याइतकं पाणी कुठलीच कॉलेजबॅग अडवत नाही.

एक असाइनमेंट मात्र आवडीनं केली. बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, 1204 सालचं जैन मंदिर. छताच्या मधोमध दगडी कमळ आहे, त्याच्या मोजक्या पाकळ्या काढायच्या. आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नाही, नुसता काळा दगड. डोळे सरावले की पाकळीखाली पाकळी दिसायला लागते. मान अवघडते, पेन्सिलीचा कचरा डोळ्यात पडतो. तिथं सर पहिल्यांदा गप्प बसले. परत येताना बेळगावचे चित्रकार-शिक्षक के. बी. कुलकर्णी सरांचा विषय निघाला, बेळगावात चित्रकलेचं बोलणं त्यांच्यापाशी येतंच. चित्रकार रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी.

घरात मात्र आईचा हिशोब वेगळा होता. वर्षाअखेरीला माळ्यावरचा ढीग बघून म्हणाली, "एवढे कागद घालवलास, खरं भिंतीवर लावण्यासारखं एक तरी हाय काय?" नव्हतं. अजूनही त्यातलं एकही लावलेलं नाही.

तर हो, जड असतात. कागद परत येतात ते तुमचा हात वाईट म्हणून नव्हे, बहुतेक वेळा न बघता काढलंय हे कळतं म्हणून. सरांना एकदा सरळ विचारा, परत आलेल्यांत तुम्हाला काय दिसलं. आणि एखाद्या रविवारी घरीच बसून उरकायची वेळ आली, तर निदान दहाबारा माणसं उजवीकडं तोंड करून काढा.