पगार न बुडवता दारू सोडता येईल का?

प्रश्न : मिस्टर सातपूरच्या कंपनीत आहेत. दारू सोडायची म्हणतात, पण केंद्रात राहिलो तर पगार बुडेल ही धास्ती. नाशिकमध्येच सोय होईल का?
– एक वाचक, सिडको

उत्तर : ताई, ते स्वतःहून म्हणताहेत, हे फार मोलाचं आहे. मात्र रोज पिणाऱ्यानं एकदम बंद केली, तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात; कधी जिवावरही बेततं. म्हणून आधी सिव्हिलमध्ये मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा, किती पितात ते खरं सांगा.

मग अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभेला जाऊ द्या. हा दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट; आपापले अनुभव सांगत ते एकमेकांना आधार देतात. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींनी एकमेकांना सावरत ही चळवळ सुरू केली. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. सोडायची इच्छा एवढीच अट. ड्युटी सांभाळून जाता येतं. जवळची सभा कुठे भरते ते डॉक्टरांना विचारा, किंवा १४४४६ या सरकारी मोफत हेल्पलाइनवर चौकशी करा. पहिल्या सभेत ते गप्प बसले तरी चालेल.

आणि तुमचं काय? घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट असतो. त्यांनी जायचं टाळलं, तरी तुम्ही जा.