वाचक विचारतात: टांगाईल ते ढाका, डिसेंबर 1971

प्रश्न : 1971 च्या बांगलादेश युद्धात भारताची 2 पॅरा (मराठा) ही छत्रीधारी पलटण विमानांतून थेट ढाक्यावर न उतरवता टांगाईलला का उतरवली?
– एक वाचक, सातारा

कारण त्या उडीचं पहिलं लक्ष्य ढाका नव्हतंच. जमालपूर आणि मैमनसिंगला असलेली पाकिस्तानची 93 वी ब्रिगेड माघार घेऊन ढाक्याच्या बचावात सामील होणार, हा खरा धोका होता. टांगाईलच्या उत्तरेला लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल आहे. तो हाती आला की माघारीची वाट तुटते. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या पलटणीला 11 डिसेंबरच्या संध्याकाळी डाकोटा, पॅकेट, एएन-12 आणि कॅरिबू अशा सुमारे 50 विमानांनी तिथं उतरवलं. रात्र पडल्यावर काही वेळातच पूल त्यांच्या ताब्यात होता. शत्रूची काही मंडळी त्याआधीच निसटली होती. मागे राहिलेल्यांनी रात्रभर पुलावर धडका दिल्या आणि मार खाल्ला. त्या 93 व्या ब्रिगेडचे प्रमुख, ब्रिगेडियर अब्दुल कादिर, पुढं कैद झाले.

प्रश्न : उडीनंतर जवान विखुरतात, मग पलटण पुन्हा एकत्र कशी येते?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

डाकोटाचं उदाहरण घेऊ. उडीच्या वेळी विमानाचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सेकंदाला 50 मीटरहून थोडा जास्त. वीसेक जवान सेकंदाला एक याप्रमाणे दारातून बाहेर पडले, तरी पहिला आणि शेवटचा यांच्यात जमिनीवर जवळपास एक किलोमीटर अंतर पडतं. म्हणून ठरलेली रीत अशी : पहिले उतरलेले विमानाच्या दिशेनं पुढं चालतात, शेवटचे उलट मागं येतात आणि सगळे मध्यावर भेटतात. वारा असेल तर ही आखीव रांग वाकडी होते. संध्याकाळी उतरलं की अंधार मदतीला येतो आणि नडतोही : शत्रूला तुमची संख्या कळत नाही, पण तुम्हालाही तुमचे जवान सापडत नाहीत.

सर्वांत जास्त नडतं ते सामान. जीप, तोफा आणि दारूगोळा वेगळ्या छत्र्यांनी येतात, आणि बंगालच्या सपाटीवर तळी-डबकी पावलोपावली. टांगाईलला गावकऱ्यांनी पेट्या वाहून आणायला हात दिला आणि स्थानिक बंगाली नेते कादेर सिद्दिकी यांच्या मुक्तिसैनिकांनी (बांगलादेशासाठी लढणाऱ्या गनिमांनी) आजूबाजूची जमीन आधीच राखली होती. हे दोन्ही नसतं, तर पुलापर्यंत पोचायला कितीतरी उशीर झाला असता.

प्रश्न : अशी पलटण एकटी किती दिवस तग धरते?
– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

दोन-तीन दिवसांचा हिशेब धरतात, तोही जपून. अंगावर नेलेला शिधा-दारूगोळा संपतो, जखमींना मागं पाठवायला वाट नसते आणि रणगाडे समोर आले तर हातात फार कमी असतं. छत्रीवाली पलटण ही उधारीवरची पलटण. जमिनीवरून येणारी कुमक ती उधारी फेडते. इथं ती वेळेत आली. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांच्या 95 व्या ब्रिगेडमधली 1 मराठा लाइट इन्फन्ट्री जमालपूर सर करून 12 तारखेच्या संध्याकाळी पुंगलीला येऊन मिळाली. एक मराठा पलटण आभाळातून आली, दुसरी रस्त्यानं. दोघी पुलावर भेटल्या.

प्रश्न : मग टांगाईलहून ढाक्यात शिरायला 16 तारीख का उजाडली?
– एक वाचक, अमेरिका

अंतर शंभर किलोमीटरच्या आत, पण सरळ रस्ता जयदेवपूरकडून जातो आणि तुराग नदीच्या काठी शत्रू मोर्चे बांधून बसला होता. नदीवर समोरून धडक मारायची तर होड्या, पुलाचं साहित्य आणि तोफांचा मारा हवा. घाईत आलेल्या फौजेजवळ यातलं थोडंच असतं. म्हणून एक ब्रिगेड त्या वाटेवर ठेवून दुसरी पश्चिमेला वळवली : नयारहाट, साभार आणि मग मिरपूरचा पूल. वळसा पडला, पण या बाजूनं राखण पातळ होती. आमच्या मते संपूर्ण चढाईतला सर्वांत शहाणा निर्णय हाच. उडीचं कौतुक मात्र जास्त होतं.

16 च्या पहाटे 2 पॅरा मिरपूरच्या पुलापाशी पोचली, तेव्हा पलीकडून गोळीबार सुरू होता. सकाळी या बाजूच्या भारतीय फौजेचे प्रमुख मेजर जनरल नागरा यांनी पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख नियाझी यांना चिठ्ठी पाठवली, शरणागतीचं बोलणं झालं आणि दुपारच्या आत पलटण शहरात शिरली. ढाक्यात शिरणारी ती पहिली भारतीय पलटण. शरणागतीच्या कागदावर सह्या त्याच दुपारी, साडेचारच्या सुमारास, रेसकोर्स मैदानात झाल्या.