सिबिल ५८० आहे, क्रेडिट कार्ड सेटल केलेलं आहे; तरी सेकंडहँड कारसाठी कर्ज मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की मधल्या काळात नोकरी गेली, क्रेडिट कार्डचं बिल थकलं, ते कमी रकमेत सेटल केलं आणि बाइकचे काही हप्तेही मागेपुढे झाले. आता उत्पन्न सुरळीत आहे आणि कामासाठी कार हवी आहे. बँकेने नकार दिला, तर डीलर म्हणतोय ‘सही करा, मी फाइल पास करून देतो’. शिवाय बायकोच्या नावावर घेतली तर चालेल का, हेही विचारलंय.

मी बरीच वर्षं वाहनकर्जाच्या फाइली केल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. कर्ज मिळेल. पण डीलर ज्या कर्जाबद्दल बोलतोय ते महाग पडेल, आणि माझ्या मते या आठवड्यात सही करायची घाई करू नका.

मिळेल असं म्हणण्याचं कारण, इथे गाडीच तारण असते. आरसीवर कंपनीचा एचपी, म्हणजे गाडी कर्जापोटी तारण असल्याची नोंद, चढतो, हप्ते थकले तर कंपनी गाडी ओढून नेते आणि लिलावात विकते. त्यामुळे पर्सनल लोनला जो माणूस दारातूनच परत जातो, त्याला वाहनकर्ज देणारं कुणीतरी भेटतं. रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही. ती रेषा प्रत्येक बँक आणि फायनान्स कंपनी स्वतः आखते. बँकांची रेषा साधारण सातशेच्या पुढे असते, फायनान्स कंपन्या बरंच खाली उतरतात आणि त्याची किंमत व्याजात लावतात.

आता तुमच्या ५८० विषयी. अशा फाइली घेणाऱ्या कंपनीतला क्रेडिट मॅनेजर आकड्यावर थांबत नाही, तो रिपोर्ट उघडून एकेक खातं वाचतो. कुठलं कर्ज थकलं, केव्हा थकलं, गेल्या बारा महिन्यांत काय चाललंय, आणि आजच्या तारखेला ‘ओव्हरड्यू’च्या रकान्यात काही आहे का. तुम्हाला कार्डाच्या सेटलमेंटची धास्ती आहे, पण गाडीला कर्ज देणाऱ्याला बाइकचे चुकलेले हप्ते जास्त खुपतात. कार्ड थकवणारी माणसं गाडीचा हप्ता नेमाने भरताना त्याने पाहिलेली असतात. गाडीचाच हप्ता चुकवला असेल तर तो दोनदा विचार करतो. म्हणून आधी बाइकचं खातं बघा.

त्यासाठी रिपोर्ट काढा, आणि एकच काढून थांबू नका. आपल्याकडे पतमाहिती ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. ही भीती इतकी पसरली आहे की लोक वर्षानुवर्षं रिपोर्ट उघडतच नाहीत. त्यात गेल्या ३६ महिन्यांचे चौकोन दिसतील. तिथे ०००  किंवा ‘एसटीडी’ असेल तर हप्ता वेळेवर. ३०, ६०, ९० असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर.

बाइकच्या खात्यात एक गोष्ट हमखास सापडते. शेवटचा हप्ता भरून झालेला असतो, पण बाउन्सचे दंड म्हणून काहीशे रुपये बाकी राहिलेले असतात. ग्राहकाच्या लेखी कर्ज संपलं, रिपोर्टमध्ये मात्र खातं चालूच आणि ओव्हरड्यू. तेवढी फालतू रक्कम चांगली फाइल पाडते. भरून टाका, एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) घ्या, आरटीओत फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा एचपी उतरवला आहे ना तेही तपासा. पैसे भरलेले असूनही नोंद चुकीची असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो एप्रिल २०२४ पासून लागू आहे, आणि तक्रारीत त्याचा उल्लेख केला की कामाला वेग येतो.

कार्डाचं म्हणाल तर ‘सेटल्ड’ याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून दिली. ती सोडलेली रक्कम आता भरता येते. बँकेला लेखी विचारा की किती भरल्यावर खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवाल, आणि तसं पत्र हातात आल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. जुन्या उशिराच्या नोंदी यामुळे पुसल्या जात नाहीत, फक्त खात्याची अवस्था बदलते. रक्कम फार मोठी असेल तर मी तरी ते पैसे कार्डात न घालता डाउन पेमेंटसाठी ठेवीन. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

डीलरला ‘फाइल कर’ म्हणण्याआधी तो करतो काय ते समजून घ्या. तो तुमची कागदपत्रं एकाच वेळी चार-पाच कंपन्यांत लॉगिन करतो, म्हणजे कर्जाचा अर्ज टाकतो. जी पास करेल तिच्याकडून त्याला पेआउट, म्हणजे कमिशन, मिळतो. यातल्या प्रत्येक लॉगिनची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते, आणि महिन्याभरात पाच चौकश्या पण कर्ज एकही नाही, हे चित्र पुढच्याला ‘सगळ्यांनी नाकारलं’ असं वाचता येतं. म्हणून कोऱ्या फॉर्मवर सही नको. कोणत्या कंपनीत टाकतोय ते आधी सांग, आणि एकीचं उत्तर आल्याशिवाय दुसरीत टाकू नको, एवढं त्याला बजावा. तो कुरकुरेल, पण गिऱ्हाईक सोडणार नाही.

आता व्याज. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. डीलर म्हणेल ‘१० टक्के’. तो फ्लॅट दर असतो, म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत असलात तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. ४ लाख, चार वर्षं, १० टक्के फ्लॅट: व्याज १ लाख ६० हजार, हप्ता ११,६६७. बँकेच्या रिड्युसिंग पद्धतीने, म्हणजे फक्त उरलेल्या मुद्दलावर व्याज धरून, मोजलं तर हा दर साडेसतराच्या वर जातो. ११ टक्के रिड्युसिंगने तेच कर्ज मिळालं असतं तर व्याज साधारण ९६ हजार झालं असतं. तुम्हाला लगेच कुणी ११ ने देणार नाही, पण रिपोर्ट नीट करण्यात सहा-आठ महिने घालवण्याची किंमत किती, याचा अंदाज या ६४ हजारांवरून येईल.

थांबणं शक्यच नसेल, तर कर्ज लहान करा. वरच्याच दराने ४ लाखांऐवजी ३ लाख घ्या आणि मुदत चारऐवजी तीन वर्षं ठेवा. व्याज ९० हजारांवर येतं आणि हप्ता १०,८३३ होतो. मुदत वर्षाने घटूनही हप्ता कमीच. जास्त डाउन पेमेंट पाहिल्यावर क्रेडिट मॅनेजरही सैल होतो, कारण उद्या गाडी ओढावी लागली तर लिलावात त्याचे पैसे निघतील. (नाही निघाले तर उरलेली रक्कम तुमच्याकडूनच वसूल करतात. गाडी गेली म्हणजे कर्ज मिटलं असं नसतं.) सेकंडहँड गाडीत आणखी एक मेख आहे: कर्ज मालक सांगेल त्या किमतीवर मिळत नाही, कंपनीच्या व्हॅल्युएशनवर मिळतं. गाडी जुनी असेल तर मुदतही आखडते.

सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नव्या किरकोळ कर्जाला ते देणं सक्तीचं आहे, आणि तुम्हाला समजणाऱ्या भाषेत देणंही, तेव्हा मराठीत मागायला संकोच नको. त्यात प्रोसेसिंग फी आणि विमा धरून वर्षाचा खरा दर छापलेला असतो. तो आणि डीलरचा ‘१० टक्के’ शेजारी ठेवून बघा. कर्जात गुपचूप घातलेली कर्जसुरक्षा पॉलिसीही तिथेच सापडते. गाडीचा विमा कायद्याने लागतो, ही पॉलिसी लागत नाही. कर्ज लवकर फेडलं तर किती आकार लागेल तेही त्याच कागदावर वाचा.

जामीनदार दिला तर काम सोपं होतं, विशेषतः पतसंस्थेत. पण ज्याला जामीन ठेवणार त्याला खरं सांगा. भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे त्याची जबाबदारी तुमच्या इतकीच असते, आणि तुमचा चुकलेला हप्ता त्याच्याही रिपोर्टला भोवतो. ‘नुसती सही कर’ म्हणून भावाला किंवा मित्राला बसवू नका.

‘पैसे द्या, सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे फिरकू नका. कर्ज मंजूर होण्याआधीच फी खात्यावर टाका म्हणणाऱ्यांकडेही नाही.

बायकोच्या नावावर घेण्याबद्दल. त्यांचं स्वतःचं उत्पन्न नसेल तर कंपनी तुम्हाला सहकर्जदार करेल आणि तुमचा रिपोर्ट उघडेलच, त्यामुळे फायदा थोडा. उत्पन्न असेल आणि रिपोर्ट चांगला असेल तर दर नक्की कमी पडेल. पण मग हप्ता त्यांच्याच खात्यातून जाऊ द्या आणि तारखेच्या आधी तिथे पैसे असतील याची काळजी तुम्ही घ्या. पुढे कधी घराचं कर्ज काढायचं झालं तर तुम्हा दोघांत वापरण्यासारखा रिपोर्ट तो एकच असणार आहे.

बाइकचं खातं बंद दिसतंय की चालू, आणि शेवटचा उशीर कोणत्या महिन्यातला, हे रिपोर्ट पाहून खाली लिहा. त्यावरून आधी बँकेत टाकावी की सरळ फायनान्स कंपनीत, ते सांगता येईल.