मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा सगळ्यात टाकाऊ अल्बम कोणता? नव्याने ऐकणाऱ्याने कोणता सोडला तर चालेल?

रीलोड, १९९७. झालं उत्तर.

पण तुम्ही प्रश्नात जाता जाता एक वाक्य टाकलंय, 'सेंट अँगर धरू नका, तो तर भंगार आहेच.' सेंट अँगर म्हणजे त्यांचा २००३चा अल्बम. मी लिहायला बसलोय ते त्या वाक्यासाठी. आहेच म्हणजे? ऐकलाय का तुम्ही? ११ गाणी, ७५ मिनिटं, मधे न उठता? नसेलच ऐकला. कुणीतरी सांगितलं असेल की त्यातला ड्रम डब्यासारखा वाजतो. सगळे तेच सांगतात. मला तर वीस वर्षांपासून सांगायलेत.

मी परभणी जिल्ह्यातल्या एका बँडवाल्याचा मुलगा. माझे वडील, म्हणजे आप्पा, लग्नाच्या सुपाऱ्या घ्यायचे. एक क्लॅरनेट, तीन ट्रम्पेट, मोठा ढोल, झांज, टेम्पोवर कर्णे आणि साईड. सहावीपासून साईड माझ्या गळ्यात. तुमचे रॉकवाले जिला स्नेअर म्हणतात तीच ती. चपटा ड्रम, वरच्या पानावर काड्या पडतात आणि खालच्या पानाला तारांची एक पट्टी टेकलेली असते, स्प्रिंगसारख्या पीळ दिलेल्या बारीक तारा. वर काडी पडली की खालचं पान थरथरतं, त्यावर तारा आपटतात आणि तो 'छर्र' आवाज येतो. बाजूला एक खटका असतो. तो खाली पाडला की तारा पानापासून सुटतात, मग छर्र जातं आणि नुसतं 'टण्ण' उरतं.

सेंट अँगरवर जे वाजलंय ते हे टण्ण. मेटालिकाचा ड्रमर लार्स उलरिक स्वतः सांगून मोकळा झालाय की एके दिवशी खटका लावायचाच राहिला, रेकॉर्डिंग परत ऐकलं तर आवाज आवडला, म्हणून तसाच ठेवला. जगभरच्या लोकांनी त्यावरून त्याला धुतला.

मला मेटालिका दिली ती माझ्या मावसभावाने, हे कबूल करतो. तो तेव्हाच्या औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत यायचा तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि कॅसेटी जास्त. काळ्या कव्हरचा १९९१चा अल्बम आम्ही आमच्या माळवदावर रात्री इतका वाजवला होता की शेजारची म्हातारी आजी सकाळी आईला विचारायची, 'पोराला काही बाहेरचं झालंय का गं?' २००३च्या पावसाळ्यात तो सायबर कॅफेतून भरून आणलेली सीडी घेऊन आला. सेंट अँगर नुकताच जूनमध्ये आला होता. आम्ही बँडच्या अँप्लिफायरला प्लेअर जोडला. दुसऱ्या गाण्यालाच त्याने तोंड वाकडं केलं.

'हा तर गोडेतेलाचा डबा बडवायलाय.'

मी म्हणालो, 'डबा नाही, तारा काढल्यात.'

'मग तारा लावायला काय पैसे पडत होते का?'

तिथून जे सुरू झालं ते अजून चालू आहे.

पुढच्या मे महिन्यात त्याच्याच थोरल्या भावाचं लग्न निघालं. बँड अर्थातच आमचा, आणि घरचंच कार्य म्हणून बिदागीचा विषय कुणी काढला नाही. (अजूनही नाही काढला. मावशी, वाचत असशील तर.) नवरीचं गाव पाथरीकडचं. लग्न दुपारचं. परण्या निघायच्या आधी टेम्पोतून सामान उतरवताना साईड माझ्या हातातून निसटली आणि खालच्या बाजूवर आपटली. उचलून पाहिली तर तारांची पट्टी एका टोकाने निघून लोंबत होती. सुटे स्क्रू घरी, सुतळी कुणाच्या खिशात नाही, नवरदेव घोड्यावर बसलेला, आणि वरबाप ओरडायलाय, 'वाजवा की, कामून थांबलात?' आप्पांनी एकदा साईडकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. पट्टी उपटून खिशात घातली आणि म्हणाले, 'वाजव तशीच.'

मे महिना, दुपारचे साडेअकरा, पाथरीकडचं ऊन. ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायची गरज नाही. परण्या म्हणजे नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला नेऊन आणायचं, गाव लहान असलं तरी नाचणारे अर्धा तास खातातच. मी पहिला हात टाकला आणि टण्ण. ट्रम्पेटवाल्या काकांनी वाजवता वाजवता मान वळवून पाहिलं. चार पावलं गेलो नाही तोच नाचणाऱ्यांच्या घोळक्यातून मावसभाऊ पुढे आला, दोन्ही हात वर करून बोंबलत, 'सेंट अँगर! सेंट अँगर!' त्याच्यासोबत औरंगाबादहून आलेली चार पोरं. तीही सुरू. बाकीच्यांना वाटलं काहीतरी नवीन घोषणा आहे, तेही ओरडायला लागले. डोक्यावर रुमाल बांधलेले पाथरीचे पाहुणे मारुतीच्या वाटेवर 'सेंट अँगर' ओरडत नाचायलेत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आप्पांना वाटलं इंग्रजीतली शिवी आहे. ते दिवसभर घुश्शात होते.

आता यातली बँडवाल्याच्या कानाला कळणारी गोष्ट सांगतो. तारा असल्या की आवाज पसरतो, मऊ होतो, कर्ण्यांच्या गोंगाटात मिसळून जातो. तारा नसल्या की आवाजाला टोक येतं. त्या दिवशी घोड्यामागे चालणाऱ्या बायकांनासुद्धा माझा ठेका स्वच्छ ऐकू येत होता, शेवटच्या माणसाचं पाऊलही बरोबर पडत होतं. एरवी मागचे लोक आपल्या मनानेच चालतात. म्हणजे डबा म्हणा नाहीतर काही म्हणा, काम करत होता.

पण रोलमध्ये घात झाला. मारुतीच्या पारासमोर नवरदेव उतरतो तेव्हा साईडचा लांब रोल लागतो. तारा असल्या की दोन काड्यांमधली फट त्या छर्रने भरून निघते, हात थोडा लंगडा असला तरी रोल सलग ऐकू येतो. तारा नसल्या की एकेक काडी वेगळी मोजता येते. आणि माझा डावा हात मागे पडायचा. हे मला सात वर्षांत कळलं नव्हतं. त्या पाराखाली अख्ख्या गावासमोर कळलं, टण्ण टटण्ण टण्ण, बैलगाडीचं एक चाक निखळावं तसं. मावसभाऊ हसून हसून खाली बसला. रात्री जेवताना आप्पा एवढंच बोलले, 'तारा नसल्या की हात उघडा पडतो.'

म्हणून मला सेंट अँगरबद्दल कुणी 'डबा' म्हटलं की राग येतो. त्या ड्रमने लार्सचं काहीच झाकलेलं नाही, आणि त्या अल्बमने त्या बँडचंही काही झाकलेलं नाही. तेव्हा त्यांची अवस्था काय होती ते बघा. चौदा वर्षं बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवणारा जेसन न्यूस्टेड २००१च्या जानेवारीत सोडून गेलेला. त्याची जागा रिकामी, म्हणून अल्बमवर बास वाजवलाय निर्माता बॉब रॉकने. त्याच वर्षी गायक जेम्स हेटफील्ड दारूपायी उपचार केंद्रात. परत आला तेव्हा त्याला दिवसाचे चारच तास काम, दुपारी बारा ते चार, आपल्याकडच्या एखाद्या कचेरीसारखं. आणि भांडणं मिटवायला महिन्याला ४० हजार डॉलर घेणारा समुपदेशक. हे सगळं त्यांनी कॅमेऱ्यासमोर होऊ दिलं, २००४ला त्याची डॉक्युमेंटरी आली. आमच्या भाऊबंदकीची कुणी अशी काढली तर गावात राहणं मुश्कील होईल.

सोलो, म्हणजे गाण्याच्या मधे एकट्या गिटारने घेतलेल्या ताना, नाहीत ही दुसरी तक्रार. ती मात्र खरी. त्या डॉक्युमेंटरीत गिटारवाला कर्क हॅमेट बिचारा सांगतोय की आज सोलो काढले तर हा अल्बम याच काळाचा म्हणून ओळखला जाईल. कुणी ऐकलं नाही. कर्क बरोबर होता.

पण माझं म्हणणं आहे, नियम सगळ्यांना एकच लावा. १९८८च्या जस्टिसमध्ये, म्हणजे त्यांच्या अँड जस्टिस फॉर ऑल या अल्बममध्ये, बास आहे का? शोधून दाखवा. आधीचा बासवाला क्लिफ बर्टन ८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, त्याच्या जागी न्यूस्टेड आला, आणि त्याच्या पहिल्याच पूर्ण अल्बमवर त्याचा बास मिक्सिंगमध्ये जवळजवळ पुसून टाकला. तो अल्बम तुम्ही लोक डोक्यावर घेता. २००८चा डेथ मॅग्नेटिक इतका मोठ्या आवाजात दाबून मास्टर केलाय की आवाज फाटतो. लोकांना त्याच गाण्यांची गिटार हिरो या व्हिडिओ गेममधली आवृत्ती जास्त स्वच्छ वाटली. त्याला कुणी डबा म्हटलं नाही. एकाचा बास नाही तरी चालतो, एकाचा आवाज फाटतो तरी चालतो, आणि लार्सने खटका नाही लावला तर जन्मठेप? मावसभावाला मी हे तीन वेळा लिहून पाठवलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, तेलाच्या डब्याचा फोटो.

रीलोडचं कारण सांगायचं राहिलं. लोड आणि रीलोड मुळात एकत्रच निघणार होते. वेळ पुरला नाही म्हणून १९९६ला १४ गाण्यांचा लोड काढला आणि मागे राहिलेल्या गाण्यांतून पुढच्या वर्षी १३ गाण्यांचा रीलोड. लोड ही ताजी भाकरी समजा, फार खमंग नाही पण पोट भरतं. रीलोड म्हणजे दुसऱ्या दिवशीचा कुस्करा. कुस्कराही चांगला लागतो, पण फोडणी नीट पडली तर. इथे फोडणी पहिल्या दोन गाण्यांनाच पडलीय. सेंट अँगर ऐकून डोकं दुखेल, रीलोड ऐकून झोप येईल, आणि मेटल ऐकताना झोप येणं यासारखी दुसरी बेइज्जती नाही.

बंगळूरला ३० ऑक्टोबर २०११ला ते आले तेव्हा मावसभाऊ गेला होता. मला जमलं नाही, दिवाळी नुकतीच झालेली आणि कापूस वेचणीला माणूस मिळत नव्हता. त्याने रात्री फोन केला, भोवती पॅलेस ग्राउंडचा गलका. मी विचारलं, सेंट अँगरमधलं काय वाजवलं? म्हणाला, 'एक पण नाही. त्यांनाच लाज वाटायलीय, तू कामून भांडायलास?' आणि रीलोडमधलं फ्युएल वाजवलं हे मुद्दाम दोनदा सांगितलं. त्यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. सेंट अँगरचं शेवटचं गाणं, ऑल विदिन माय हँड्स, त्याच्याच नावाने त्यांनी २०१७ला आपली समाजसेवेची संस्था काढली, आणि २०१९ला सॅन फ्रान्सिस्कोत ते गाणं सिंफनी ऑर्केस्ट्रासोबत वाजवलं. आपल्या संस्थेला लाजेच्या गाण्याचं नाव कुणी देतं का?

लुलूचं विचाराल तर २०११चा तो अल्बम लू रीड या अमेरिकन गायकासोबतचा आहे, बंगळूरच्या कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी बाजारात आला. मी तो मेटालिकाचा धरतच नाही. दुसऱ्याच्या वरातीत वाजवलेलं आपल्या वहीत लिहीत नाहीत. आणि खरं सांगायचं तर दोन गाण्यांच्या पुढे मी गेलेलो नाही, त्यामुळे त्यावर माझं मत घेऊ नका.

आणखी दोन गोष्टी, प्रामाणिकपणे. सेंट अँगर मीसुद्धा एका बैठकीत आयुष्यात दोनदाच ऐकलाय. गाणी लांबलीत, तोच रिफ, म्हणजे गिटारचा तोच तुकडा, फिरून फिरून येतो, प्रत्येक गाण्यातून दोन मिनिटं कापली असती तर हे सगळं भांडण झालंच नसतं. तुम्ही नवीन आहात, तर तिथून सुरुवात करू नका. आधी ८६चा मास्टर ऑफ पपेट्स ऐका.

दुसरी गोष्ट मावसभावाला माहीत नाही. परण्याहून परत येताना मारुतीच्या पुजाऱ्याकडून आप्पांनी सुतळी मागून घेतली आणि खिशातली ती पट्टी तिथेच पाराच्या सावलीत साईडला बांधून दिली. तोवर तो मांडवात जेवायला पळाला होता. परतीच्या वाटेवर साईड वाजली. छर्र करून, सलग, डावा हात कुणाला दिसला नाही. फार बरं वाटलं.

तरी पण रीलोडच सोडा. फ्युएल तेवढं ठेवा.