‘अवमंदित’मधला मंद कोणता?

कळव्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता बारावी सायन्सला आहे. वर्गात ‘डॅम्प्ड ऑसिलेशन’ शिकवलं, म्हणजे दर फेरीला लहान होत जाणारं हेलकावणं. घरातल्या जुन्या मराठी पुस्तकात त्यालाच ‘अवमंदित आंदोलन’ म्हटलेलं सापडलं. डॅम्प म्हणजे ओलसर, मग ‘मंद’ कुठून आलं? आणि मंद म्हणजे हळू, तर स्प्रिंगला टांगलेलं वजन हळूहळू हलायला लागतं का?

ताई, दुसरा प्रश्न आधी घेतो, खरी मेख तिथेच आहे. वजन खाली ओढून सोडलं की त्याची झेप घटत जाते, पण एका फेरीला लागणारा वेळ जवळजवळ तेवढाच राहतो. समजा, पहिली झेप १० सेंटिमीटरची आणि दर फेरीला ती दहा टक्क्यांनी कमी होते: ९, ८.१, ७.२९… दहा फेऱ्यांनी साडेतीन सेंटिमीटर उरते. हवेचा अडथळा नसता तर जी फेरी १ सेकंदाची झाली असती, ती यामुळे लांबते सेकंदाच्या सुमारे सात हजाराव्या भागाने. हातातल्या स्टॉपवॉचला ते कळणारही नाही. वजनाचा वेग घटतो हे खरं, पण कापायचं अंतरही त्याच प्रमाणात घटतं. ‘हळू’ हा अर्थ धरला की मुलगी इथेच अडणार.

मराठीत मंद दोन तऱ्हेचा आहे. मंद चाल हळू असते. पण मंद उजेड, मंद वास, मंद आच यांत हळूपणा कुठेच नाही, तिथे जोर कमी आहे. समईची वात मागे ओढली की ज्योत लहान होते, आपण म्हणतो दिवा मंद केला. ‘अवमंदित’मधला मंद तो आहे. ‘अव’ म्हणजे खाली. शब्द घडवणाऱ्याने फार नेमका घडवलाय, असं मला मनापासून वाटतं.

गंमत म्हणजे ‘डॅम्प’चं नातंही विस्तवाशीच. त्याचा जुना अर्थ वाफ, घुसमटवणारा वायू. खाणीतल्या पेट घेणाऱ्या वायूला अजूनही ‘फायरडॅम्प’ म्हणतात. त्यावरून क्रियापद झालं, गुदमरवणं, आग दडपणं. ओलसर हा अर्थ मागाहून आला.

घोडबंदर रोडला बाइक खड्ड्यात आदळून नंतरही वरखाली उसळत राहिली, तर मेकॅनिक सांगतो, शॉकअप गेले. स्प्रिंग बहुतेकदा शाबूत असते. गळालेलं असतं ते तेल, म्हणजे अवमंदन करणारा भाग.

‘आंदोलन’ वाचून मोर्चा आठवत असेल, तर ‘दोलन’ म्हणा. दोला म्हणजे झोपाळा, हिंदोळाही त्याच घरातला.

मुलीला समजावताना मी ‘विरत जाणारी आंदोलनं’ म्हणेन. सूर विरतो तेव्हा तो उतरत नाही, नुसता क्षीण होतो. इथेही तेच घडतं. गणितात मात्र ‘अवमंदन गुणांक’ (अडथळा किती, हे सांगणारा आकडा) लागतो, तिथे ‘विरणे’ पुरं पडत नाही. वहीत ‘अवमंदित’च लिहू द्या.