'स्टेडिंग'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा: स्कॉटलंडच्या जुन्या शेतघरांवरच्या मजकुराचे भाषांतर करताना 'स्टेडिंग'ला गोठा म्हणावे, वाडा की फार्महाऊस?

फार्महाऊस तर नकोच. आपल्याकडे त्याचा अर्थ शनिवार-रविवारी जायचा बंगला असा होऊन बसला आहे. शिवाय स्टेडिंग म्हणजे मुख्यतः कामाच्या इमारती. मालकाचे घर बहुधा जरा बाजूला असते. गोठा हा स्टेडिंगचा एक भाग झाला. वाडा त्यातल्या त्यात जवळचा, चौकाभोवती बांधकाम असल्यामुळे. पण शहरी वाचकाला वाड्यात माणसे दिसतात, गुरे नाहीत. तेव्हा 'स्टेडिंग' तसेच ठेवावे, पहिल्या उल्लेखात 'शेतीकामाच्या इमारतींचा चौक' अशी फोड करावी आणि भागांना खुशाल मराठी नावे द्यावीत: गोठा, तबेला, मळणीघर, गाडीखाना, गड्यांची खोली. चौकात शेणखत साठवत, त्याला उकिरडा चालेल. 'कॅटल कोर्ट' म्हणजे गुरांचे आवार. पावसाने खताचा कस वाहून जाऊ नये म्हणून एकोणिसाव्या शतकात अशा अनेक आवारांवर छप्पर चढले.

धान्याची कोठी बहुधा गाडीखान्याच्या माडीवर असते. खालच्या कमानींतून वारा खेळतो, तक्तपोशी कोरडी राहते, पोती सरळ गाडीत उतरतात. तीच गोठ्यावर असती तर गुरांच्या उबेची वाफ धान्याला लागली असती. हल्ली राहती घरे केलेल्या स्टेडिंगमध्ये काचा लावलेल्या रुंद कमानी दिसतात, त्या बहुतेक या गाडीखान्याच्याच. त्यांना 'व्हरांडा' म्हणू नये.

खरी फसगत 'मिल'पाशी होते. शेतावरची मिल म्हणजे पिठाची गिरणी नव्हे, मळणीयंत्र. स्कॉटलंडच्या ईस्ट लोदियन परगण्यातल्या अँड्र्यू मीकलने १७८० च्या दशकात ते यशस्वी केले आणि मळणीघराच्या भिंतीला लागून गोल किंवा बहुकोनी खोल्या उभ्या राहू लागल्या. आत घोडे घाण्याच्या बैलासारखे फिरत. त्यांनी फिरवलेल्या चाकाचा दांडा भिंतीतून पलीकडच्या यंत्राला जाई. घोड्यांना हवा मिळावी म्हणून या खोलीच्या बाजू बऱ्याचदा उघड्या, नुसत्या खांबांवर. हिला 'अश्वगिरणी' म्हटले की वाचक पीठ शोधत बसतो. 'मळणीचे घोडचक्र' म्हणावे.

लोदियन भागात पुढे वाफेचे इंजिन आले. तिथल्या स्टेडिंगमधले विटांचे उंच धुराडे त्या इंजिनाचे. मजकुरात नुसते 'चिमणी' आले तर स्वयंपाकघराची समजू नये.