वाचकांचे प्रश्न : विषारी रसायनाचा टँकर उलटला तर

प्रश्न : खालापूर तालुक्यात महामार्गालगत आमचा ढाबा आहे. रसायनांचे टँकर सतत ये-जा करतात. एखादा उलटून गळू लागला, तर सांडलेल्या द्रवावर आम्ही पाणी मारावे काय?

उत्तर : मारू नये. टँकरमध्ये काय आहे, हे आधी कळायला हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये अशा टँकरवर आणीबाणीचा माहितीफलक सक्तीचा असून त्यावर रसायनाचे नाव, चार आकडी यूएन क्रमांक (रसायन ओळखण्याचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), हॅझकेम संकेत (बचाव पथकाने काय करावे हे सांगणारी अक्षरे-आकडे) आणि तातडीचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असतो. वारा पाठीशी घेऊन, दुरूनच, मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठा करून तो वाचावा आणि ११२ वर जसाच्या तसा कळवावा. नुसते ‘केमिकल सांडलेय’ म्हटल्याने अग्निशमन दलाला काय घेऊन निघावे ते उमगत नाही; ‘१५४७’ म्हटले की ॲनिलीन आहे, हे लगेच समजते.

रंग आणि रबर उद्योगाला लागणारे हे तेलकट द्रव्य पाण्यापेक्षा किंचित जड असते व पाण्यात थोडेच विरघळते, त्यामुळे पाण्याचा मारा केला तर ते नाहीसे न होता गटारातून ओढ्यापर्यंत जाते. रस्त्यालगतच्या मोरीचे तोंड वाळूच्या गोण्यांनी आधीच, तेही लांबून, बंद करता आले तर उत्तमच. गळती रोखण्याचे काम मात्र योग्य पोशाख घातलेल्या पथकाचेच.

खरी चूक होते ती चालकाच्या बाबतीत. ॲनिलीन कातडीतूनही शरीरात शिरते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी करते. याची लक्षणे कधी कधी काही तासांनी दिसतात. म्हणून ‘मला काही झाले नाही’ असे तो म्हणत असला, तरी भिजलेले कपडे आणि चामडी बूट ताबडतोब काढायला लावून साबण आणि भरपूर पाण्याने किमान १५ मिनिटे त्याला धुवावे, मात्र मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. ओठ-नखे निळसर दिसली तर रुग्णालयात न्यायला विलंब नको. धीर यावा म्हणून दारू पाजण्याची आपल्याकडची रीत इथे घातक आहे, कारण दारूने हे विष बळावते. डॉक्टरांना रसायनाचे नाव आवर्जून सांगावे, कारण बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा रुग्णात फसवे आकडे दाखवते आणि ‘मिथिलीन ब्लू’ हा उपाय योग्य रुग्णाला वेळेत मिळायला हवा.

प्रश्न : रिकाम्या परतणाऱ्या टँकरचा फलक झाकला तर चालेल का?

उत्तर : टाकी आतून धुऊन निर्धोक केल्याशिवाय नाही. तळाशी उरलेला द्रव आणि वाफ तितकीच विषारी असते. चालकाच्या केबिनमधले माहितीपत्रकही तोवर हलवू नये.